मोजणी खंडित

मिनलने उठून कूलर बंद केला. आतला पंखा दोन-तीन गिरक्या घेऊन थांबला. गवताच्या ताट्यांतून टपकणारं पाणी तेवढं ऐकू येत राहिलं. खोली लगेच तापायला लागली. तिने स्पीकरची कळ शेवटपर्यंत फिरवली, खुर्चीत बसली आणि फाइल उघडली.

पडद्यावर हातमाग आला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले वामनराव आले, आठ वर्षांनी लहान, केस अजून काळे. त्यांच्या उजव्या हातातून धोटा सुटला, धाग्यांच्या मधून सरकत गेला आणि डाव्या हाताने तो झेलला. डावीकडे, चौकटीच्या अगदी कडेला, दोन हिरव्या बांगड्या घातलेला एक हात होता. त्या हाताने काठाचा छोटा धोटा उचलला, फिरवला, परत ठेवला.

स्पीकरमधून काहीच आलं नाही.

"हाही मुकाच निघाला," मागून वामनराव म्हणाले.

ते पलंगावर बसले होते, बनियनवर, खांद्यावर दुपट्टा. मिनलने चित्र थांबवलं आणि टेबलावरच्या वहीत एक ओळ भरली. वहीत तिने पाच रकाने आखले होते: प्लेअर, चित्र, आवाज, गती, शेरा. पहिला प्लेअर कंप्युटरबरोबरच आलेला होता, त्याने फाइल उघडायलाच नकार दिला होता. दुसऱ्याने चित्र दाखवलं, पण दर वेळी आधी जाहिरात दाखवली. हा तिसरा. आवाजाच्या रकान्यात तिने तिसरी फुली मारली.

वामनरावांनी मान वाकडी करून वही पाहिली.

"एवढी पारख पोरगा पाहाले केली असती तं आतापर्यंत नातू असता माह्या मांडीवर."

"पोराले तरी आवाज असते, बाबा."

"लग्न झाल्यावर नाही राहत," वामनराव म्हणाले आणि दुपट्ट्याने मान पुसली. "आता काय?"

"अजून दोन-तीन प्लेअर आहेत. टाकून पाहते. प्रत्येकाले प्रत्येक जुनी फाइल समजतेच असं नाही."

"रविवारपर्यंत होईन ना पण? चंपत येऊन राहिला रविवारी."

"होईन."

तिने कूलर लावला. वामनराव पलंगावर आडवे झाले, पण डोळे मिटले नाहीत. थांबवलेलं चित्र पडद्यावर तसंच होतं, आणि ते त्याच्याकडे पाहत होते.

गोष्ट साधी होती. तांडापेठेतल्या त्यांच्या जुन्या घरात माग होता तोवर वामनराव करवती काठाची पातळं विणत. करवतीच्या दातांसारखा काठ, एकाला एक लागून चढते-उतरते त्रिकोण. मधलं कापड वामनराव विणायचे आणि काठाचा धोटा डावीकडे बसून मिनलची आई रुखमाबाई फिरवायची. कितव्या धाग्यावर धोटा वळवायचा तो आकडा ती दर फेरीला मोठ्याने म्हणायची. पुढे काम बंद पडलं, माग मोडला, घर विकून ते नंदनवन वस्तीत दोन खोल्यांत आले, आणि वामनराव इतवारीतल्या एका दुकानात गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालू लागले. मागच्या दिवाळीच्या आधी रुखमाबाई गेली. आणि आता महिनाभरापासून वामनरावांनी धरलं होतं की चंपतरावाला तो काठ पुन्हा विणायचा आहे. चंपतराव म्हणजे त्यांच्या जुन्या अंगणातला शेजारी; आता उमरेडला असतो, आणि त्याचा माग अजून चालू आहे.

"मी फक्त हात अन् पाय," वामनराव सांगायचे. "हिसाब तिच्याजवळ होता. तिचा आवाज आहे ना त्या तुह्या पिक्चरमध्ये? तो ऐकला की चंपत लिहून घेईन."

पिक्चर म्हणजे ही चार मिनिटं बारा सेकंदांची फाइल. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मिनलने ती प्रकल्पासाठी चित्रित केली होती. विषय होता धोट्याची गती. मोबाइलवर तो छोटासा चौकोन वामनरावांना दिसेना, म्हणून तिने सीताबर्डीतून जुना कंप्युटर आणला होता, आणि हे तिचं तिलाच चांगलं वाटलं होतं. बाबांनी आई गेल्यापासून काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच.

*

मिनल कोळसा तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. कोळशाचा एक ग्राम नमुना भट्टीत जाळायचा, उरलेली राख तोलायची, टक्के लिहायचे. आकडा भलताच आला की तिथे तपासण्याचा एक क्रम ठरलेला होता: आधी भट्टी, मग तराजू, आणि ते दोन्ही बरोबर असतील तर नमुना.

मंगळवारी सकाळी आंघोळीच्या आधी तिने चौथा प्लेअर उतरवून घेतला. हा अगदी साधा होता. बटणं नाहीत, रंग नाहीत. काळी खिडकी आणि त्यात चित्र. सगळं काम कीबोर्डवरून. पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एक चौकट पुढे जाई, स्वल्पविरामाची दाबली की एक चौकट मागे. तिला तो एकदम आवडला. आठ वर्षांपूर्वी तिला असा काही मिळाला असता तर प्रकल्पाचे दोन आठवडे वाचले असते.

आवाज मात्र त्यातही नव्हता.

मग तिने जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. भाऊ वैभव याच्या लग्नाचा व्हिडिओ त्याच पेन ड्राइव्हवर होता. तो लावला. बँड एवढ्या मोठ्याने वाजला की स्वयंपाकघरातून वामनरावांनी विचारलं,

"आला का वं आवाज?"

"नाही बाबा, हे वैभवच्या लग्नाचं आहे."

तीच फाइल तिने बाकीच्या प्लेअरमध्ये लावून पाहिली. सगळीकडे बँड वाजला. म्हणजे भट्टी बरोबर होती, तराजूही बरोबर होता.

तिने मागाच्या फाइलवर उजवं बटण दाबून तिचा तपशील उघडला. चित्राची रुंदी, उंची, सेकंदाला पंचवीस चौकटी, एकूण सहा हजार तीनशे. त्याखाली आवाजाची माहिती असायला हवी होती. लग्नाच्या फाइलला ती होती. इथे ती जागाच नव्हती. बिघडलेला आवाज नव्हे, न समजणारा आवाज नव्हे. आवाज नाहीच.

मग ती उठली आणि लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवरून प्रकल्पाचं स्पायरल काढलं. अहवाल तिनेच टाइप केला होता. पान चार, 'कार्यपद्धती' या मथळ्याखाली, सातवं वाक्य:

'ध्वनीचा मोजमापाशी संबंध नसल्याने, तसेच फाइलचा आकार कमी व्हावा म्हणून, चित्रफितीतील ध्वनी वगळला आहे.'

त्या वाक्याच्या शेजारी सरांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली होती.

आता तिला सगळं नीट आठवलं. फाइल ईमेलने जात नव्हती. एका खिडकीत एक लहानसा चौकोन होता, त्यात खूण होती, ती तिने काढली. कॅमेरा विभागाचा होता, आणि कार्ड रिकामं करून परत द्यायचं असा नियम होता. दुसऱ्या दिवशी तिने ते रिकामं करून दिलं. वेळेवर परत करणारी ती एकटीच होती, असं प्रयोगशाळेतले मदतनीस म्हणाले होते.

"मिनल," वामनराव दारात आले. हातात चहाचे दोन कप. "झालं का काही?"

तिने स्पायरल मिटून मांडीवर उलटं ठेवलं.

"एक प्लेअर राहिला आहे, बाबा."

"मग टाक ना तो. काहून थांबली?"

"टाकते."

वामनरावांनी कप टेबलावर ठेवला. वहीतल्या फुल्यांकडे पाहिलं. आता चार होत्या.

"होईन," ते म्हणाले. "धागा तुटला तरी टोक असतेच कुठंतरी. शोधा लागते फक्त."

*

बुधवारी प्रयोगशाळेत भट्टीसमोर उभं असताना तिच्या लक्षात आलं की हिशोब अजून हातातून गेलेला नाही.

आई आकडा तोंडाने म्हणायची हे खरं. पण म्हणताना ती बोटांच्या पेरांवर अंगठाही सरकवायची. बाजारात, पाळण्याच्या दोरीचे पीळ मोजताना, औषधाच्या गोळ्या मोजताना, सगळीकडे. आणि हात चौकटीत होता. पूर्ण नाही, पण मनगटापासून बोटांपर्यंत होता. एकेक चौकट पुढे नेली तर अंगठा कुठल्या पेरावर आहे ते दिसेल.

गुरुवारपासून ती पहाटे पाचला उठू लागली. कूलर बंद करायची आता गरज नव्हती. पूर्णविराम, पूर्णविराम, पूर्णविराम. अंगठा पहिल्या पेरावर. धोटा आत. पूर्णविराम. अंगठा दुसऱ्या पेरावर. वहीच्या कोऱ्या पानावर तिने चौकटीचा क्रमांक आणि पेर अशा दोन ओळी मांडल्या. बांगड्या कधी कधी आड यायच्या. तेव्हा ती स्वल्पविराम दाबून मागे जायची आणि पुन्हा पुढे. त्या हाताला तर्जनीजवळ एक भाजल्याचा डाग होता. तो तिला आठवत नव्हता. पुरणपोळीचा असावा, किंवा इस्त्रीचा.

शुक्रवारी सकाळी ती चार हजारांच्या पुढे गेली. दोन मिनिटं एक्कावन्न सेकंदांवर पेरांचा क्रम अचानक तुटला. हात चौकटीतून निघून गेला आणि त्याच्या जागी आईचा चेहरा आला. ती पुढे वाकली होती, मान कॅमेऱ्याकडे वळवलेली, तोंड उघडं. तिची सावली धोट्याची गती मोजायला मागाला टेकवलेल्या पांढऱ्या मोजपट्टीवर पडली होती. तीन सेकंदांनी चेहरा मागे गेला आणि हात पुन्हा आला. मिनलने लिहिलं: 'चौकट ४२७५ ते ४३५०, मोजणी खंडित.' पुढच्या दातापासून क्रम पुन्हा जुळवून घेतला. कामावर जायला उशीर होत होता.

शनिवारी संध्याकाळी तिने हिशोब एका स्वच्छ कागदावर उतरवला. दोन, चार, सहा, आठ, सहा, चार, दोन. असे चार दात. पाचवा दात लहान: दोन, चार, सहा, चार, दोन. मग पुन्हा पहिल्यापासून. तिने तो सबंध फाइलवर ताडून पाहिला. कुठेही चूक नव्हती.

"बाबा, मिळाला."

वामनराव डोळे उघडून एकदम उठून बसले.

"आवाज?"

"हिसाब. आवाजाची गरजच नाही पडली. आईच्या बोटांवरून काढला. हे पाहा."

वामनरावांनी कागद हातात घेतला, चष्मा शोधला, चष्मा लावला आणि कागद वाचला. बराच वेळ वाचला.

"पाचवा दात लहान," ते म्हणाले.

"हो. मले वाटलं माहीच चूक झाली, पण दर वेळी तसंच येते."

"चांगलं केलं वं बाई. लय मेहनत केली तू." त्यांनी कागदाची घडी केली, साडीची घालतात तशी, कडा जुळवून, आणि ती उशाखाली ठेवली. मग विचारलं, "अन् आवाजाचं? तो एक प्लेअर राहिला होता ना?"

"पाहते मी."

"सावकाश पाय. घाई नाही काही."

*

चंपतराव रविवारी अकराच्या सुमारास आले. पिशवीत गावठी आंबे, पांढरी टोपी घामाने ओली. दारातूनच ओरडले,

"काय गा वामन, जिवंत आहे का? तुह्या गल्लीत तीन जणांले विचारलं, कोणी वळखत नाही तुले. तांडापेठेत कुत्रे सुद्धा वळखत होते."

"ते तुले वळखत होते. त्यांच्या जातीचा ना तू."

"हे पाय, पोरीसमोर इज्जत काढून राहिला."

दोघे हसले. वामनराव एवढ्या मोठ्याने हसल्याला किती दिवस झाले ते मिनलने मनात मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तिने पन्हं दिलं. जेवणं झाली. झुणका-भाकर चंपतरावांनी दोनदा मागून घेतली आणि "वहिनीच्या हाताची सर नाही, पण पोरगी शिकन," असं म्हणून तिच्याकडे डोळे मिचकावले.

जेवणानंतर मिनलने उशाखालची घडी काढून त्यांच्यासमोर उलगडली.

"काका, हा काठाचा हिसाब. तुम्हाले पाहिजे होता तो."

चंपतरावांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. ओठ हलवत वाचला. मग कागदावरून वर पाहिलं.

"मले पाहिजे होता?"

"तुम्ही विणणार आहात ना हा काठ."

"आव, हा तं आपल्या अंगणातलाच काठ आहे. पाचवा दात लहान. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगन मी. यानंच तं शिकवला मले." त्यांनी वामनरावांकडे बोट केलं. "धोटा उलटा वळवला की डोक्यात टपली मारे. काय गा वामन, काय सांगतलं तू पोरीले?"

वामनराव आंब्याची कोय चोखत होते. त्यांनी कोय ताटलीत ठेवली.

"विसरला असशीन म्हटलं," ते म्हणाले. "म्हातारा झाला तू."

"मी म्हातारा?" चंपतराव मोठ्याने म्हणाले. पण त्यांनी वामनरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात कागदावर सावकाश फिरला. "तसं... मधला एक दात विसरतो कधी कधी. बरं झालं लिहून ठेवलं पोरीनं. घेऊन जातो मी हे." कागद त्यांनी टोपीत ठेवला आणि टोपी डोक्यावर घातली.

मिनल ताटं उचलून आत गेली. नळ सोडला. पाणी ताटांवरून वाहत राहिलं. तिने ताटं घासायला घेतली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा दोघे कंप्युटरसमोर होते. वामनरावांनी स्वतः चित्र सुरू केलं होतं. आठवडाभर पाहून त्यांना तेवढं यायला लागलं होतं. चंपतराव पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"रुखमावहिनीचा हात," ते म्हणाले. "खटखट नाही येत याच्यातून? वहिनीचा आवाज?"

"कंप्युटरात गडबड आहे काहीतरी," वामनराव म्हणाले. "जुना आहे ना. पोरगी चार दिवसांपासून पाचले उठून बसते याच्यासमोर. चार तऱ्हा करून पाहिल्या तिनं. तिची चूक नाही."

मिनल दारातच थांबली. हात ओले होते. ते तिने ओढणीला पुसले, आणि कोरडे झाल्यावरही पुसत राहिली.

चार वाजता चंपतराव निघाले. वामनराव त्यांना चौकापर्यंत सोडायला गेले आणि परत यायला बराच वेळ लावला.

*

ते आले तेव्हा मिनल पलंगावर बसली होती. शेजारी स्पायरल होतं, पान चारवर उघडलेलं.

"बाबा, बसा."

वामनराव बसले.

"कंप्युटरात काही गडबड नाही. प्लेअरही सगळे बरोबर आहेत. त्या फाइलमध्ये आवाजच नाही. मी काढला होता तो. कॉलेजात असताना." ती थांबली. "मले मंगळवारीच समजलं. तुम्हाले सांगतलं नाही."

वामनरावांनी स्पायरलकडे पाहिलं. चष्मा लावला नाही.

"काढला म्हणजे? वापस नाही येत?"

"नाही."

"कुठंच नसन?"

"कार्ड पुसून परत दिलं होतं. कुठंच नाही."

बाहेर भाजीवाल्याची गाडी येऊन थांबली. पालक, मेथी, सांभार. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"माह्या फोनमध्ये आईचे निरोप आहेत," मिनल म्हणाली. "तीन-चार आहेत. येताना सांभाराची एक जुडी आण, असे. ते लावू का?"

"ते ऐकले मी. तूच ऐकवले होते दिवाळीत." वामनरावांनी दुपट्टा गुडघ्यावर पसरला, त्याची घडी घातली, पुन्हा पसरली. "रडू नको. तवा तुही माय घरातच होती ना. दिवसभर बोले. घरात असलेल्या माणसाचा आवाज कोण सांभाळून ठेवते?"

मिनल रडत नव्हती. पण त्यांनी असं म्हटल्यावर तिला तोंड फिरवावं लागलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले,

"ते लाव बरं. ती वाकून पाहते ते."

"४२७५," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही." ती खुर्चीत बसली. क्रमांक टाकला. पडद्यावर आईचा चेहरा आला आणि थांबला. वामनरावांनी पलंग सोडला आणि मोढा ओढून तिच्या शेजारी बसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच ते एवढ्या जवळ बसले होते. त्यांच्या हातांना आंब्याचा वास होता.

"इथं ती तुले काहीतरी म्हणाली," ते म्हणाले. "मी पावडीवर होतो. पाय चालू, खटखट चालू. माह्या कानावर नाही आलं. तुह्याकडं पाहून म्हणाली अन् हसली. मग म्हटलं, विचारीन तिले. संध्याकाळी विचारीन. मग राहून गेलं. एवढंच होतं पाय. काठाचं काही नव्हतं."

मिनल पडद्याकडे पाहत होती.

"मले वाटे, हे लावलं की समजन," वामनराव म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. हे त्यांना आत्ताच सुचलं होतं. "पण तुलेच म्हणाली ना ती. तुले तं ऐकू आलं असन. तू तं समोरच होती, कॅमेऱ्यामागं. काय म्हणाली वं?"

तिला त्या दुपारचं बरंच आठवत होतं. टिनाच्या पत्र्यावरून येणारा उजेड. तिपाईचा एक पाय आखूड होता, त्याखाली घातलेली काडेपेटी. मोजपट्टीवर सावली पडली तेव्हा आलेला राग. आणि आपला उजवा हात, कॅमेऱ्याच्या मागून दोनदा हवेत हललेला: मागे हो, मागे हो.

तिने पूर्णविराम दाबला. ओठ मिटलेले. पूर्णविराम. उघडे, गोल. पूर्णविराम. रुंद. हसू इथे सुरू होत होतं. पूर्णविराम. आता नजर किंचित बाजूला, हलणाऱ्या हाताकडे. पूर्णविराम. हसू तसंच, पण तोंड मिटलेलं. चेहरा मागे सरकू लागला.

"मागं घे," वामनराव म्हणाले. "पयल्यापासून."

तिने स्वल्पविरामावर बोट ठेवलं. चेहरा चौकट चौकट करत परत आला, कडेपासून मध्यापर्यंत, आणि ओठ मिटलेल्या जागी थांबला.

वामनराव मोढ्यावरून उठले, खोलीच्या त्या टोकाला गेले आणि त्यांनी कूलर बंद केला. मग परत येऊन तिच्याजवळ बसले.

"हां," ते म्हणाले. "आता लाव."